शंभर उघडे गृहस्थ

पुतळे बघायला जायचं म्हटल्यावर बाबांनी इस्त्रीची पँट घातली. पुतळा म्हणजे घोड्यावर कुणीतरी, खाली चबुतरा आणि त्यावर अनावरण करणाऱ्या मंत्र्यांचं नाव, एवढी त्यांची माफक अपेक्षा. लिव्हरपूलजवळ क्रॉस्बीच्या किनाऱ्यावर चबुतरा नाही, घोडा नाही आणि अंगावर कपडेही नाहीत, हे मी मुद्दामच आधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर आई गाडीत बसली नसती.

अँटनी गॉर्मली या शिल्पकाराने स्वतःच्याच अंगाचे साचे काढून ओतीव लोखंडाचे 100 पुरुष बनवले. 2005 पासून ते इथल्या तीन किलोमीटर वाळूत विखरून उभे आहेत. सगळे दिगंबर, सगळे समुद्राकडे तोंड करून. भरती आली की पाण्याजवळचे बुडतात, ओहोटीला पुन्हा वर येतात.

"अगं बाई!" आईने मफलर नाकापर्यंत ओढला. "अहो, तुम्ही इकडे बघा."

इकडेही एक होताच.

"एकाचं वजन किती?" बाबांनी विचारलं.

"650 किलो."

"म्हणजे 65 टन लोखंड." उभी नोकरी पाटबंधारे खात्यात गेल्यामुळे बाबांना कला टनातच कळते. "साचे किती?"

"सतरा."

"100 नगांना 17 साचे! ठेकेदार पोचलेला दिसतोय."

खरी परीक्षा फोटोची. वाऱ्याने एकमेकांचं बोलणं ऐकू येईना, दातांखाली वाळू करकरत होती आणि मला घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकता येईल असा एक सभ्य फोटो हवा होता. रस्त्याच्या बाजूने काढला की पुतळ्याची पाठ येते, आणि पाठीखालचंही. समोरून काढायचा तर पाण्याच्या बाजूला जायला हवं. तिकडे पाय रुतेल अशी पाटी. शिवाय समोरून काय येतं, ते आईने एव्हाना पाहून घेतलं होतं. शेवटी कोरड्या वाळूतला एक पुतळा गाठून तिनेच तोडगा काढला. बाबांना त्याच्या बरोब्बर पुढ्यात उभं केलं.

"डावीकडे सरका. थोडं अजून. हं, आता झाकलं."

पुतळा 189 सेंटिमीटर, बाबा बेताचे. त्यांच्या डोक्यावर तेवढं लोखंडी डोकं आणि उघडे खांदे उरले.

मी फोटो पाठवेपर्यंत आई पुढच्या पुतळ्यापाशी पोचलीसुद्धा. त्याला कमरेपर्यंत कालवांसारखं पांढरट, खरबरीत काहीतरी चिकटलं होतं. वरचं लोखंड तांबूस, पापुद्रे सुटलेलं. तिचं माहेर मालवण. मघाचा सगळा संकोच बाजूला ठेवून तिने त्या गृहस्थाची मांडी नखाने खरवडून पाहिली.

"बारीक आहेत. चौघांच्या कालवणाला पुरायची नाहीत."

तेवढ्यात सांगलीहून आत्याचा मेसेज : "दादा, मागे कोण उभं आहे? एवढ्या थंडीत शर्ट नाही?"

बाबांनी एका बोटाने उत्तर टाइप केलं : "650 किलो."

त्यावर काकांनी हात जोडले. काका कुठलाही पुतळा दिसला की जोडतात.