मणक्यातला ‘गॅप’ आणि दिवसभराचा पट्टा

सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महिनाभर एक मेसेज फिरतोय. ‘मणक्यात गॅप आला की चालणं-वाकणं बंद करा, दिवसभर पट्टा लावा, व्यायामाने मणके आणखी घासतात, शेवटी ऑपरेशन ठरलेलंच.’ मी पुण्यात फिजिओथेरपी करते. हा मेसेज वाचून लोक अंथरूण धरतात, म्हणून लिहितेय.

आधी तो ‘गॅप’. झिजेत गॅप येत नाही, उलट अंतर कमी होतं. दोन मणक्यांमधली चकती वयाबरोबर सुकते, पातळ होते. मागचे छोटे सांधे झिजतात, कडेला हाडाची टोकं वाढतात. केस पिकतात तसंच हे. 2015 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा पाठ अजिबात दुखत नसलेल्यांपैकी विशीतल्या 37 टक्के आणि ऐंशीतल्या 96 टक्के लोकांच्या चकत्यांत झीज सापडली. त्यामुळे नुसती एक्स-रे किंवा एमआरआयची फिल्म बघून तुम्हाला किती दुखेल, हे कुणालाच सांगता येणार नाही.

‘व्यायामाने घासतात’ हे सगळ्यात घातक वाक्य. मोठ्या माणसाच्या चकतीला थेट रक्तपुरवठा जवळपास नसतो, सांध्यातल्या कूर्चेलाही, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थरालाही, नसतो. हालचालीने दाब पडतो, सुटतो, तसं त्यांचं पोषण होतं. पडून राहिलं की पाठीचे स्नायू आठवड्या-दोन आठवड्यांत ढिले पडतात आणि सगळा भार त्याच झिजलेल्या सांध्यांवर येतो.

कोथरूडच्या एक आजी गेल्या पावसाळ्यात आल्या. वय 72, साडीवरून करकचून पट्टा, काखेत एक्स-रेचा लिफाफा. चार महिने जवळजवळ पलंगावरच होत्या. खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी मांड्या रेटत होत्या. पर्वतीची टेकडी चढणं आता या जन्मात नाही, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. घरातल्या घरात पाच मिनिटं चालणं, दिवसातून तीनदा. ओट्याला धरून खुर्चीवरून दहा उठबशा. उताणं झोपून एकेक गुडघा पोटाशी. एवढ्यावर सुरुवात केली. तिसऱ्या आठवड्यात दुखणं वाढलं, घरचे घाबरले. आम्ही चालणं निम्म्यावर आणलं, बंद केलं नाही. व्यायामानंतर थोडं दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत निवळलं तर चालतं; नाही निवळलं तर मात्रा कमी करायची, एवढा हिशोब त्यांना पाठ झाला. दिवाळीत थोरात उद्यानात फेऱ्या मारत होत्या. संक्रांतीनंतर पर्वतीच्या 103 पायऱ्या चढून आल्या, मध्ये दोनदा बसून. एक्स-रे आजही तसाच आहे.

वाकण्याची सरसकट बंदीही चूक. काहींना मंडईत चालताना पाय जड होतात, मुंग्या येतात आणि जरा पुढे वाकलं किंवा टेकलं की बरं वाटतं. मणक्यातली नसांची वाट अरुंद झाल्याचं हे लक्षण असू शकतं. अशांना पुढे वाकण्यातच आराम मिळतो. त्यांनी थांबत थांबत चालावं, बसून सायकल मारावी.

पट्ट्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट सांगितलंय: जुनाट कंबरदुखीत तो सरसकट देऊ नये. ट्रॅक्शन, म्हणजे वजन लावून कंबर ताणणं, तेही नको. व्यायाम आणि दुखणं नीट समजावून सांगणं, यांची शिफारस त्यांनी केली आहे. शेकाने बरं वाटत असेल तर खुशाल शेका. पण कुठलंही तेल चकती भरून काढत नाही, आणि मीही ती भरून देईन असं कुणाला सांगत नाही.

ऑपरेशन? झीज असलेल्या बहुतेकांना ते कधीच लागत नाही. नस दबून पायातली ताकद कमी होत चालली तर ती वेगळी गोष्ट. लघवी-संडासवरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला, पाय लुळा पडू लागला, पडल्यानंतर पाठ दुखू लागली, किंवा दुखण्यासोबत ताप किंवा वजनात घट दिसली, तर माझ्याकडेसुद्धा येऊ नका. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.