'बटण उशिरा लागतं' म्हणणाऱ्या सातारकरांना उत्तर

नमस्कार सातारकर,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच लिहायला बसलो होतो पण ते रागात निघत होतं म्हणून पुसलं, आणि काल जेवणं झाल्यावर माझं मशीन पुन्हा टीव्हीला जोडून तुम्ही म्हणता ते एकेक करून बघितलं. नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो, मागच्या महिन्यात मी रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर रेट्रोपाय ही जुने गेम चालवणारी सिस्टीम टाकून लहानपणीचा टीव्ही गेम घरी कसा बनवायचा ते लिहिलेलं, त्यावर यांचं म्हणणं असं की पाच-सहा हजार घालून सगळं तसंच केलं तरी मारिओ उशिरा उडी मारतो आणि खड्ड्यात पडतो, कोपऱ्यात सारखं विजेचं चिन्ह येतं, बदकांच्या गेममध्ये बंदुकीने बदकं मरत नाहीत, आणि हेच गेम मोबाईलवर फुकट चालतात तर तुम्ही लोकांना खर्चात का पाडताय.

उडीचं तुमचं बरोबर आहे आणि चूक माझ्या लेखाची आहे. मी अर्धा लेख मेमरी कार्डावर सिस्टीम कशी टाकायची यात घालवला, आणि बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंत जो वेळ जातो त्यावर एक ओळसुद्धा लिहिली नाही. खरं तर सगळा खेळ त्या वेळेचाच आहे.

आपण ज्याला मारिओचा गेम म्हणायचो ते मशीन मूळचं जपानमधलं, निन्टेंडोचं फॅमिकॉम, १९८३ सालचं. आपल्याकडे आले ते बहुतेक त्याच्या नकला. त्यात मुख्य मेमरी २ केबी आणि चित्रासाठी वेगळी २ केबी, म्हणजे अख्खं चित्र तयार करून साठवून ठेवायला जागाच नव्हती. त्यामुळे चित्राची एकेक ओळ तयार व्हायची आणि त्याच क्षणी डबा टीव्हीच्या काचेवर उमटायची, मध्ये थांबणं नाही. आताचा एलईडी टीव्ही आधी पूर्ण चित्र घेतो, त्याचे रंग सुधारतो, कडा सुधारतो, हालचाल गुळगुळीत करतो आणि मग दाखवतो. पिक्चर बघताना याचं काही वाटत नाही पण खड्ड्याच्या काठावर उडी मारायची असते तेव्हा तेवढ्यात मारिओ गेलेला असतो. तुमचा हात बिघडलेला नाही आणि वयाचाही काही संबंध नाही, टीव्ही वेळ खातोय.

तर आधी टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड लावा, काही टीव्हीत तो नुसता सापडत नाही, त्या एचडीएमआय पोर्टचं नाव बदलून पीसी केलं की तोच परिणाम मिळतो. मी काल मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये अंगठा आणि पडदा एकत्र शूट केला आणि मधल्या फ्रेम, म्हणजे एकेक चित्रं, मोजली, नुसता गेम मोड लावल्यावर उशीर जवळजवळ निम्म्यावर आला. गेम खेळायचा रिमोट ब्लूटूथचा असेल तर थोडे दिवस वायरचा लावून बघा. त्यानंतर गेम चालू असताना सिलेक्ट आणि एक्स एकदम दाबलं की रेट्रोआर्चचा, म्हणजे रेट्रोपायमध्ये गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेनू येतो, त्यात लेटन्सी नावाचा भाग आहे, तिथे रन-अहेड चालू करून एक फ्रेम ठेवा. त्यात इम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम, आतल्या आत गेम एक फ्रेम पुढे चालवतो आणि ते पुढचं चित्र आत्ताच दाखवतो. प्रोसेसरला काम जास्त पडतं, फॅमिकॉमच्या गेमला रास्पबेरी पाय थ्रीला (तिसऱ्या मॉडेलला) झेपतं, मोठ्या मशीनच्या गेमला लावू नका.

आता तुम्ही जाता जाता लिहिलंय ना, "काँट्रा पण काहीतरी वेगळाच वाटतो, पळतो नुसता", ते वाचून मला फार बरं वाटलं, कारण हे अगदी खरं आहे आणि फार थोड्यांच्या लक्षात येतं. फॅमिकॉम जपानच्या टीव्हीसाठी बनलेलं, तिथे सेकंदाला ६० चित्रं. आपल्या देशात तेव्हाचे टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५०. आपल्याकडच्या नकली मशीनमध्ये तेच जपानी गेम ५० च्या चालीने चालायचे, म्हणजे सहा पावलांच्या जागी पाच, गेम संथ आणि गाणंही संथ. गावभागात आमच्या घरामागच्या बोळात एक काका तासावर गेम खेळायला द्यायचे, तिथे मी जो काँट्रा शिकलो तो हा संथ काँट्रा, आणि सातारला तुम्ही शिकलात तोही बहुतेक तोच. पायवर तो मूळ जपानी वेगाने चालतो म्हणून परका वाटतो. यावर इलाज आहे. रेट्रोआर्चमध्ये कोअर ऑप्शन्समध्ये रीजन असतं, तिथे ऑटोच्या जागी डेंडी निवडा. डेंडी हे रशियात १९९२ पासून विकलं गेलेलं असंच नकली मशीन, त्याची चाल ५० ची. मी पहिल्यांदा हे लावलं आणि मारिओचं ते गाणं आमच्या बोळातल्या चालीत वाजलं तेव्हा बायकोला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं, ती मिरजेची, तिच्या भावाकडे असाच गेम होता, ती दारातूनच म्हणाली हां हे बरोबर आहे.

विजेचं चिन्ह मात्र गंमत म्हणून सोडू नका. पायला मिळणारा दाब साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की ते येतं, मग प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि गेम अडखळतो. मोबाईलचा जुना १ अँपिअरचा चार्जर आणि लांब बारीक केबल हे त्याचं नेहमीचं कारण, पाय थ्रीला २.५ अँपिअरचा लागतो, पाय फोरला ३ चा. मीही सुरुवातीला स्वस्तातला अडॅप्टर आणला होता, वर लिहिलंय एक आणि देतोय भलतंच, दोन कार्डं त्यात खराब झाली. लाईट जायचा भरवसा नसेल तर रेट्रोआर्चमध्ये सेव्हिंगमध्ये एसरॅमचा (गेममधल्या सेव्हचा) ऑटोसेव्ह लावून ठेवा, नाहीतर गेममधून बाहेर पडेपर्यंत तुमची प्रगती कार्डावर लिहिलीच जात नाही. आणि बंद करताना मेनूतून शटडाऊन, भिंतीवरच्या बोर्डाचं बटण नाही.

बदकांचं उत्तर नाराज करणारं आहे. ट्रिगर दाबला की त्या गेममध्ये पडदा क्षणभर काळा होतो आणि मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, बंदुकीतला सेन्सर नेमक्या त्या क्षणी उजेड बघतो. एलईडी टीव्हीवर तो उजेड वेळेवर येतच नाही, शिवाय ती बंदूक डबा टीव्हीच्या लुकलुकण्यालाच ओळखायला बनवलेली. त्यामुळे जुनी बंदूक विसरा, माउसने बदकं मारता येतात, तेवढ्यावर भागवा. डबा टीव्ही घरात पडून असेल तर बाकीच्या गेमसाठी मात्र जरूर काढा, पाय थ्रीच्या हेडफोनच्या भोकातूनच एव्ही निघतं, कॉन्फिग फाईलमध्ये पालसाठी एसडीटीव्ही मोड २ करायचा आणि एचडीएमआय काढून ठेवायची. चित्र आलं नाही तर तांबडी पिन पिवळ्या भोकात लावून बघा, कित्येक केबलींच्या वायरी आतून वेगळ्या क्रमाने असतात.

आता पैशाचं. ज्यांच्याकडे जुना लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर पडलाय त्यांनी पाय विकत घेऊ नये, बाटोसेरा ही अशीच गेमची सिस्टीम पेनड्राईव्हवर टाकून त्यावरूनच मशीन चालू होतं, आतल्या विंडोजला हातही लागत नाही. हे मी पहिल्या लेखात सांगायला हवं होतं, तेवढा खर्च तुमचा वाचला असता, त्याबद्दल माफी मागतो. पण मोबाईलवर फुकट चालतं हे मला पटत नाही हो. काचेवर बटणाची कड बोटाला लागत नाही त्यामुळे दर दोन मिनिटांनी खाली बघावं लागतं, आणि काँट्रा हा दोघांनी मांडीला मांडी लावून खेळायचा गेम आहे, एकाने लाईफ संपल्यावर दुसऱ्याची उचलायची, त्यावरून भांडायचं. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, तो टॅबवर एकटा तासभर बसतो तेव्हा मला कसंतरी होतं, या मशीनवर तो माझ्याशी बोलत खेळतो, भडंगाचा कागद मध्ये पसरलेला असतो. यासाठी मी हे करतोय.

आणि दहा हजार गेम भरलेलं कार्ड कुठे मिळेल ते विचारलंय, ते मी सांगणार नाही. ते गेम अजून कंपन्यांच्या मालकीचे आहेत. आजही या मशीनसाठी लोक नवीन गेम बनवून विकतात, २०१९ चा मायक्रो मेजेस घ्या, चौघं एकदम खेळतात आणि अख्खा गेम ४० केबीत बसवलाय.

एक काम करा, बाकी काही बदलायच्या आधी चार्जरच्या लेबलचा फोटो इथे टाका आणि टीव्हीचं मॉडेल लिहा, गेम मोड कुठल्या मेनूत आहे ते मी शोधून सांगतो.