सापाला हळदीचं दूध पाजू नका: त्या सात उपायांना सरळ उत्तर

रविवारी रात्री साडेदहाला धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, दूध कोमट केलंय, हळद घातली, पण ह्याचं तोंड कसं धरू?"

भाच्याचा बॉल पायथन आहे. भाचा डिसेंबरपासून पुण्यात इंटर्नशिपला, साप परभणीत आईच्या भरवशावर. दोन दिवसांपासून तो मान वर करून तोंड उघडत होता. नेमका त्याच दिवशी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर मेसेज आला: "पाळीव साप आजारी आहे का? ओळखा, आणि घरच्या घरी सात उपाय करा." तिने विश्वास ठेवला. मी तिला म्हणालो, वाटी खाली ठेव, त्याला हात लावू नकोस, आलोच.

टेबलावर वाटीत पिवळं दूध, शेजारी टॉनिकच्या बाटलीचा ड्रॉपर धुऊन ठेवलेला. मी पेटीच्या जाळीला कान लावला. प्रत्येक श्वासाला बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. डाव्या नाकपुडीवर बुडबुडा धरत होता, फुटत होता. तोंडाच्या कडेला चिकट तार. थर्मामीटर १७ अंश दाखवत होता. रात्री लाईट जायची, पेटीला ऊब देणारी हीट मॅट बंद पडायची आणि इन्व्हर्टरवर ती जोडलेलीच नव्हती. परभणीचा पारा थंडीत दहाच्या खाली जातो, आणि हा प्राणी पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला.

त्यानंतर तोच मेसेज मला आणखी तीन ग्रुपवर आला. एका ठिकाणी तर शाळेतल्या सरांनी टाकलेला. म्हणून हे लिहितोय. मी बारा वर्षं सर्पमित्र म्हणून काम केलंय, पण मी डॉक्टर नाही. आजाराबद्दल जे सांगतोय त्याचा मुख्य आधार मर्क व्हेटरनरी मॅन्युअल आहे. जगभरचे पशुवैद्य तो ग्रंथ वापरतात, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आजारांवर त्यात वेगळा भाग आहे.

"साप तोंड उघडत असेल तर त्याला तहान लागली आहे. हळदीचं कोमट दूध ड्रॉपरने पाजा."

सातही उपायांत सगळ्यात घातक हाच. मान उचलून, तोंड उघडून श्वास घेणं, नाकातोंडातून चिकट स्राव येणं, श्वासाला आवाज येणं ही फुप्फुसाच्या संसर्गाची लक्षणं आहेत. मर्कमध्ये ती स्पष्ट दिलेली आहेत. साप निरोगी असला तर तोंड मिटून, नाकानेच श्वास घेतो. जांभई देतो, खाल्ल्यावर जबडा जागेवर बसवायला तोंड फाकतो, पण ते एकदा-दोनदा. तासाभरात चार-पाच वेळा तोंड उघडं दिसलं की काहीतरी बिघडलंय.

आता त्या उघड्या तोंडात ड्रॉपर घातला की काय होतं ते बघा. सापाच्या श्वासनलिकेचं तोंड आपल्यासारखं खोल घशात नसतं. ते तोंडाच्या तळाशी, जिभेच्या लगेच मागे, अगदी पुढे असतं. अख्खा उंदीर गिळताना श्वास चालू राहावा म्हणून शरीराची तशी रचना आहे. म्हणजे आपण ड्रॉपर दाबला की दूध सरळ श्वासनलिकेत जायची भीती. माणसाला ठसका लागतो, तो खोकून बाहेर काढतो. सापाला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, त्याला खोकताच येत नाही. गेलेलं दूध आतच राहतं आणि सडतं. आधीच फुप्फुसात पाणी झालेल्या प्राण्याला आपण आपल्या हाताने बुडवतो.

"पण नागपंचमीला नाग दूध पितो, आम्ही डोळ्यांनी बघितलंय," असं बहिणीच्या सासूबाई म्हणाल्या. बघितलं असेल, मी नाही म्हणत नाही. पण त्याआधी गारुड्याने त्या नागाला कित्येक दिवस पाण्याचा थेंब दिलेला नसतो. इतका तहानलेला जीव समोर येईल ते ओढतो. त्यातले कितीतरी नंतर फुप्फुस बिघडून मरतात. अशा जप्त केलेल्या नागांच्या टोपल्या मी स्वतः उचलल्या आहेत. काहींचे ओठ दोऱ्याने शिवलेले होते. दूध हे सस्तन प्राण्यांच्या पिल्लांचं अन्न आहे, सापाला ते पचत नाही. त्याला पाणी लागतं, आणि ते तो भांड्यातून स्वतः पितो.

"उन्हात ठेवा, सर्दी जाते."

ह्यात अर्धं खरं आहे, आणि ते मला मान्य करावं लागतंय. सापाच्या अंगात स्वतःची ऊब तयार होत नाही. थंडीत त्याची प्रतिकारशक्तीही मंदावते. मर्कही सांगतं की श्वसनाचा संसर्ग असलेल्या प्राण्याला त्याच्या सोयीच्या तापमानाच्या वरच्या टप्प्यात ठेवा, त्याने प्रतिकारशक्तीही वाढते आणि साचलेला स्राव सुटायला मदत होते. पण हे तापमान म्हणजे बॉल पायथनसाठी गरम कोपऱ्यात ३१ ते ३३ अंश, थंड कोपऱ्यात २५ ते २७. दोन्ही कोपरे हवेत, म्हणजे नको झालं की त्याला सरकता येतं. काचेची पेटी गच्चीवर नेऊन ठेवली तर जानेवारीतसुद्धा आत भट्टी होते. आणि हा मेसेज एप्रिलमध्ये फिरणारच आहे, तेव्हा आपल्याकडे बाहेर ४२ असतात. अर्ध्या तासात साप मरेल. ऊब थर्मोस्टॅट लावलेल्या मॅटने द्या, उन्हाने नको.

"आठ दिवस खाल्लं नाही तर तोंड उघडून मांस कोंबा."

बॉल पायथन महिनोन्‌महिने न खाता राहतो, थंडीत तर हमखास. खाल्लं नाही ह्यावरून आजार ठरत नाही, वजनावरून ठरतो. किचनमधल्या वजनकाट्यावर डब्यात बसवून पंधरा दिवसांनी वजन घ्या आणि वहीत लिहा. दहा टक्क्यांहून जास्त उतरलं, पाठीचा कणा वर दिसायला लागला, तर डॉक्टर. कोंबून घातलं तर हिरड्या फाटतात, तिथे संसर्ग होतो आणि तोंडात पनीरच्या चुऱ्यासारखा घट्ट पू साचतो. सापाचा पू आपल्यासारखा पातळ नसतो, त्यामुळे तो आपोआप वाहून जात नाही. शिवाय थंड अंगाच्या सापाला पचतच नाही, पोटातलं सडतं आणि तो उलटी करतो. एकदा उलटी केली की निदान दहा-पंधरा दिवस काहीही देऊ नये.

"डोळे निळसर-पांढरे झाले म्हणजे मोतीबिंदू. तूप लावा, कात हाताने सोला."

कात टाकायच्या आधी जुन्या आणि नव्या कातडीच्या मधे द्रव भरतो, म्हणून डोळे धुरकट दिसतात. काही दिवसांनी ते पुन्हा स्वच्छ होतात आणि मग कात निघते. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि तोही कातीबरोबर उतरतो. तुम्ही नखाने सोलायला गेलात तर खालचा डोळाच सोलला जाईल. कात तुकड्यातुकड्यांनी निघत असेल तर हवा कोरडी आहे. डब्यात ओलसर टॉवेल ठेवा, ओलावा साठ टक्क्यांच्या आसपास आणा. खवला अडकून राहिला तर डॉक्टरांना दाखवा.

"पांढरी शी म्हणजे जंत" हेही चूक. खडूसारखा पांढरा भाग म्हणजे सापाची लघवी, ती घट्टच येते.

"अंगावर किडे दिसले तर गोचिडाचं औषध फवारा."

हे वाचून माझं डोकं फिरलं. आपल्याकडे प्रत्येक गोठ्यात ती बाटली असते, म्हणून हा उपाय लोक खरंच करतील. म्हशीच्या चामड्यासाठीचं ते विष साप सहन करू शकत नाही. अंगाला थरथर सुटते, पालथा पडला तर सरळ होता येत नाही, आणि मग मरतो. साप दिवसचे दिवस पाण्याच्या भांड्यात बसून असेल, डोळ्याभोवती, हनुवटीखाली काळे ठिपके हलत असतील तर ते माइट्स, म्हणजे अंगावरचे बारीक किडे. पेटी रिकामी करून धुवा, खाली साधा पांढरा कागद घाला, औषध मात्र पशुवैद्य ग्रॅममध्ये वजन बघून देतील तेच.

"डॉक्टरकडे नेऊ नका, सापाचे डॉक्टर नसतात."

कमी आहेत, हे खरं. आम्ही गेलो त्या पहिल्या दवाखान्यात "साप? इथं नको" म्हणून दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्या डॉक्टरांनी घेतलं. नाकातोंडातला स्राव तपासणीला पाठवला, वजन केलं, अंगाच्या पुढच्या भागात प्रतिजैविकाची इंजेक्शनं सुरू केली. मराठवाड्यात परभणी आणि उदगीरला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. आधी फोन करून सरपटणारे प्राणी बघणारे कोण आहेत ते विचारा. सापाला उशीच्या अभ्र्यात घालून अभ्र्याचं तोंड बांधा, भोकं पाडलेल्या डब्यात ठेवा, थंडी असेल तर टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली बाजूला. सोबत शेवटचं खाणं, शेवटची कात, शेवटची शी ह्यांच्या तारखा, पेटीचं तापमान, आणि श्वासाचा आवाज येतो असा व्हिडिओ. आमच्या डॉक्टरांनी आधी व्हिडिओच दोनदा बघितला.

तीन आठवडे झाले, शिट्टी बंद आहे. मॅट आता इन्व्हर्टरवर आहे.

"घरात निघालेला जखमी नाग, धामणही असाच बरा करून पाळता येतो."

नाही. आपल्याकडचा कुठलाही साप पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. नाग आणि अजगर पहिल्या अनुसूचीत आहेत, तिथे तीन ते सात वर्षांची शिक्षा आहे. भाच्याचा पायथन विदेशी आहे, आणि त्याचीही अशा प्राण्यांच्या नोंदणीच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद केलेली आहे. घरात साप निघाला, जखमी असो वा नसो, तर लांब उभं राहून त्याच्यावर नजर ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ ला फोन करा.