दर महिन्याच्या पाच तारखेला

दादाचा रिपोर्ट आला त्या आठवड्यात घरात बसायला जागा पुरत नव्हती एवढी माणसं येऊन गेली. कोणी पाकीट हातात ठेवलं, कोणी ऑनलाइन पाठवले, आणि निघताना सगळ्यांच्या तोंडी एकच, काही लागलं तर सांगा हं, अजिबात संकोच करू नका. अगदी मनापासून म्हणत होते सगळे, त्याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. पण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात खरंच लागायला लागलं, आणि तेव्हा फोन नक्की कुणाला करायचा तेच कळेना. एका रात्री वहिनी फोन घेऊन बसली होती, एक नंबर काढायची, बघत राहायची, स्क्रीन बंद करायची, मग दुसरा काढायची. अर्धा तास चाललं होतं ते. शेवटी फोन उलटा ठेवून उठली. कुणालाच केला नाही.

आपल्या सगळ्यांच्या डोक्यात मोठं आजारपण म्हणजे एक ऑपरेशन, एक मोठं बिल, सगळ्यांनी मिळून भरलं की सुटलो, असं असतं. दादाला ब्लड कॅन्सर, त्यातला एएलएल, म्हणजे अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. ह्याची ट्रीटमेंट दोन ते तीन वर्षं चालते. महिने नाही, वर्षं. आणि पैसे जातात ते सगळे काही बिलावर दिसत नाहीत. केमोनंतर पांढऱ्या पेशी इतक्या खाली येतात की साध्या इन्फेक्शननेही जीवावर बेतू शकतं, म्हणून डॉक्टर सांगतात गर्दीत न्यायचं नाही, म्हणजे बस बंद, ट्रेन बंद, जायला गाडी यायला गाडी. दादाचा पगार थांबला, वहिनीच्या रजा संपल्या आणि मग बिनपगारी सुरू झाल्या, म्हणजे एक आजारी पडला आणि दोन पगार गेले, घराचा हप्ता मात्र त्याच तारखेला खात्यातून जाणारच. आणि ह्यात एक विचित्र गोष्ट अशी की औषधासाठी पैसे मागता येतात, हप्त्यासाठी नाही मागता येत. जीभच उचलत नाही.

हे आमच्याच घरात झालं असं नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि वर्ल्ड बँक यांच्या २०२३ च्या रिपोर्टप्रमाणे जगभरात साधारण २ अब्ज लोकांना खिशातून कराव्या लागणाऱ्या उपचाराच्या खर्चामुळे आर्थिक ओढाताण सोसावी लागते. कॅन्सरच्या डॉक्टरांनी ह्याला वेगळं नावच दिलंय, फायनान्शियल टॉक्सिसिटी, म्हणजे औषधाचे जसे साइड इफेक्ट तसा हा पैशाचा. अमेरिकेतल्या कॅन्सर पेशंटवरचा एक अभ्यास २०१६ साली आला, त्यात दिवाळखोरीत गेलेल्या पेशंटमध्ये मृत्यूचा धोका बाकीच्यांपेक्षा सुमारे ७९ टक्क्यांनी जास्त दिसला होता. मला तो आकडा वाचून पुढे काही वाचवेना, कारण दादानेही एकदा एक गोळी दिवसाआड घ्यायला सुरुवात केली होती, कुणाला न सांगता, पाकीट जास्त दिवस पुरावं म्हणून.

मग सगळे म्हणाले पैसे गोळा करायला ऑनलाइन कॅम्पेन टाका. ज्यांनी टाकलं त्यांना मी चुकूनही नावं ठेवणार नाही, आपल्या माणसासाठी माणूस काय वाटेल ते करतो. पण आम्हाला सल्ला मिळाला की फोटो नळ्या लावलेला हवा, मुलगी शेजारी बसलेली हवी, तरच लोक देतात. वहिनी म्हणाली नाही. मुलगी शाळेत जाते, तिचा बाप असा कुणाच्याही मोबाइलवर फिरायला नको. आणि नुसतं टाकून पैसे येतात असंही नसतं. गोफंडमी ही लोकांकडून पैसे गोळा करायची वेबसाइट, तिच्यावरच्या अमेरिकेतल्या २०१६ ते २०२० मधल्या चार लाखांहून जास्त मेडिकल कॅम्पेन तपासल्या गेल्या तर ठरवलेली रक्कम गाठणाऱ्या होत्या फक्त १२ टक्के, आणि १६ टक्के कॅम्पेनला एकही पैसा आला नव्हता. ज्याची ओळख मोठी, ज्याला आपली गोष्ट नीट मांडता येते, त्याला मिळतं. बाकीच्यांनी आपलं दुःख चारचौघांत मांडलं तेही फुकटच गेलं ना.

आमच्याकडे जे झालं ते दादाच्या ऑफिसमधल्या एका ताईंमुळे. त्या आल्या, बसल्या, आणि काही लागलं तर सांगा असं म्हणाल्याच नाहीत. त्यांनी विचारलं, हप्ता किती तारखेला जातो? मंगळवारी हॉस्पिटलला कोण नेतं? मुलीला शाळेतून कोण आणतं? वहीत लिहून घेतलं आणि गेल्या. पुढच्या महिन्यापासून दर पाच तारखेला वहिनीच्या खात्यात एक रक्कम यायला लागली, त्यांच्या एकट्यांच्या नावावरून, एकत्र. चौदा जण मिळून देत होते एवढंच आम्हाला कळलं, कोण आणि किती हे कधीच कळलं नाही. रक्कम डोळे दिपवणारी नव्हती. पण ती येणार हे माहीत होतं, आणि हप्ता सात तारखेला जायचा. महिन्याच्या सुरुवातीला वहिनीला झोप लागायला लागली ती तेव्हापासून.

बाराव्या शतकात मायमोनिडीस नावाचे ज्यू विचारवंत होऊन गेले, त्यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्यात, आणि देणाऱ्याला घेणारा माहीत नाही, घेणाऱ्याला देणारा माहीत नाही ही त्यातली वरून दुसरी. हे मी फार नंतर वाचलं आणि मला त्या ताईच आठवल्या.

दादाला प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, द्याव्या लागायच्या, तेही त्या ताईंनीच सांभाळलं. लोकांना वाटतं रक्तदाते पाहिजेत म्हटलं की वीस जण एकदम धावत गेले की झालं. प्लेटलेट्स साठवून जेमतेम पाचेक दिवस टिकतात. आज वीस नकोत, आज दोन हवेत, चार दिवसांनी दोन, परत पुढच्या आठवड्यात दोन. म्हणून त्यांनी तारखांची यादी केली आणि प्रत्येकाला त्याची तारीख वाटून दिली. माझं म्हणणं आहे की पैशाचंही अगदी हेच आहे. पहिल्या आठवड्यात सगळं येऊन पडतं आणि सहाव्या महिन्यात कोरडं.

अजून एक, आणि हे बोलायचंच आहे मला. मुलीच्या शाळेची सहल होती, वहिनीने पाठवली. तर एका नातेवाइकांनी ऐकवलं, लोकांच्या पैशावर सहली चालल्यात. वहिनी त्या दिवशी काही बोलली नाही, मीच बोलायला हवं होतं आणि मी गप्प बसलो, त्याची मला अजून खंत आहे. दिलेत ना, मग ते त्यांचे झाले. नऊ वर्षांच्या मुलीने दोन वर्षं फक्त हॉस्पिटलच बघायचं का? हिशोब मागायचा असेल तर देऊ नका, खरंच नका देऊ, त्यापेक्षा एक संध्याकाळ पेशंटजवळ बसा म्हणजे घरचं माणूस चार तास झोपेल.

हो, हे सगळं सरकारने करायला हवं, आजारपणाचा खर्च कुणाच्या ओळखीपाळखीवर अवलंबून नसावाच, चौदा माणसं २ अब्ज लोकांना पुरणार नाहीत हे मलाही कळतं. पण सात तारखेचा हप्ता धोरण बदलायची वाट बघत नाही.

दादा आता बरा आहे, फॉलोअपला जातो. आईने तेव्हा रिपोर्टच्या फाइलमध्ये मागे एक वही ठेवली होती, डावीकडे नाव, उजवीकडे रक्कम, सगळ्यांचे परत करायचे म्हणून. परवा काढून बघितली. खूप नावांपुढे उजवीकडे मोकळंच आहे. रात्री थांबला. प्लेटलेट्स दिल्या. मुलीचं गणित घेतलं. आईने रकान्यात आधी पेन्सिलने काहीतरी लिहिलेलं दिसतं, मग खोडलेलं.