ओत्झी, काका आणि माझी रांग

इटलीच्या आल्प्समधल्या बोल्झानो शहरात ५,३०० वर्षांपूर्वीचा एक माणूस शीतगृहात झोपवलाय. नाव ओत्झी. तापमान उणे सहा अंश. बघायला भिंतीत चौकोनी खिडकी, जेमतेम चाळीस सेंटिमीटरची, म्हणजे एका वेळी एकच डोकं. माझ्या पुढचं डोकं आमच्या टूरमधल्या ठाण्याच्या काकांचं होतं, आणि ते तिथून हलेना.

"अगं ए, इकडे ये! याच्या गुडघ्याला डाग दिलेत बघ!"

ते डाग नव्हेत, गोंदण. ओत्झीच्या अंगावर ६१ खुणा आहेत, त्यातल्या बऱ्याच कंबर, गुडघे, घोटे अशा दुखऱ्या जागी. दुखण्यावरचा इलाज असावा, असं काही संशोधक म्हणतात. पण काकांनी कधीच निकाल लावला होता. "आमच्या आजीने मला बिब्बा घातला होता. सेम केस."

"तुम्ही त्यांना बघा. तुमचा गुडघा हॉटेलात बघू," काकू रांगेतूनच म्हणाल्या.

मी म्हटलं, "काका, जरा मागच्यांनाही..."

"अहो, तो पाच हजार वर्षं थांबलाय. तुम्हाला पाच मिनिटं होत नाहीत?"

रांग हसली. मराठीचं अक्षर न कळणारे मागचे दोन जर्मनसुद्धा हसले. मला अजून त्या जर्मनांचाच जास्त राग आहे.

काकांना चेव आला. ओत्झीच्या डाव्या खांद्यात बाणाचं टोक रुतलंय. १९९१ साली तो सापडला, पण हे टोक एक्स-रेत दिसायला २००१ उजाडलं. काकांना मोटिव्ह मात्र खिडकीतूनच दिसलं. "मागून मारलाय. भाऊबंदकी! जमिनीचं प्रकरण असणार."

बिचाऱ्याची जमीन मेल्यावरही सुटली नाही, हे खरंच. सापडला तो इटली-ऑस्ट्रियाच्या सीमेवर. शेवटी रीतसर मोजणी झाली आणि तो ९२.५६ मीटरनी इटलीच्या हद्दीत निघाला. आमच्या गावाकडे बांधाची मोजणी एवढी चोख झाली असती, तर निम्मे चुलते एकमेकांशी बोलत असते.

माझा नंबर लागला तेव्हा काचेवर काकांच्या कपाळाचा तेलकट गोल होता. त्या गोलातून मला ओत्झीचा एक तपकिरी खांदा दिसला, आणि तेवढ्यात टूर लीडर ओरडला, "चला, रोपवे!"

या टूरवाल्यांना माझा एकच प्रश्न आहे. दुपारच्या वरण-भातावर दीड तास, आणि ज्याच्यासाठी एवढ्या लांब आलो त्या माणसाला सेकंदं मोजून? पैसे काय वरणाचे भरले होते?

रोपवे बारा मिनिटांत रेनोनच्या पठारावर नेतो. खाली द्राक्षांचे मळे, समोर डोलोमाइट्सचे डोंगर. मी ते सगळं काकांच्या डाव्या कानामागून पाहिलं. खिडकी अर्थातच त्यांची होती.

वर मातीचे उंच सुळके आहेत, प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक दगड. दगड आहे तोवर खालची माती पावसात टिकते. तो पडला की सुळका झिजायला लागतो. गाइडने हे सांगताच काकू वळल्या. "ऐकलंत? टोपी घाला."

ओत्झीलाही टक्कल पडत होतं, असं २०२३ मध्ये जनुकांवरून कळलं. ही माहिती मी काकांना मुद्दाम दिली नाही. आणखी एक सेम केस झाली असती.

त्यांनी माझ्या हातात मोबाइल दिला. "जरा काढा आमचा. सुळके सगळे आले पाहिजेत हं."

सुळके सगळे आले. काका भुवयांपासून खाली आलेत.