नुसता रंग मारायचा आहे

अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात, मकेन्झी नदीच्या खोऱ्यात राहणाऱ्या अनेकांच्या अंगणात गवतात अर्धवट बुडालेला एक गाडा असतो, त्या गाड्यावर एक लाकडी होडी असते आणि त्या होडीविषयी घरमालकाने गेली कित्येक वर्षे केवळ बोलून दाखवलेला एक संकल्प असतो. अशी होडी सहसा विकली जात नाही, ती दिली जाते. देणारा तुमचा हात हातात घेतो, डोळे किंचित ओले करतो आणि सांगतो की तशी ती उत्तम स्थितीत आहे, तिला नुसता रंग मारायचा आहे. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या, उमेदीच्या काळात हौशी लोकांना मासेमारीसाठी नदीवर नेणाऱ्या एका वृद्ध वाटाड्याने मला ती अशीच दिली. फुकट मिळणाऱ्या वस्तूला नाही म्हणण्याचे वळण आमच्या घराण्यात नाही आणि त्या दिवशी सौ. घरी नव्हती.

या होडीला इथे ड्रिफ्ट बोट म्हणतात. ती साधारण सोळा फूट लांब असते. तिचा तळ सपाट असतो, तळाखाली कणा नसतो आणि बाजू बाहेरच्या अंगाला कललेल्या असतात. हा सपाट तळ पुढून मागे मात्र कमानदार असल्यामुळे होडीची दोन्ही टोके पाण्याच्या वर उचललेली राहतात, ती काही इंच पाण्यातही तरंगते आणि उभ्या जागी गर्रकन वळते. मकेन्झीवरचे खडक आणि खळाळ पाहिले म्हणजे हा घाट का पडला, ते कळते. इथल्या जुन्या अवजड होड्यांना कंटाळून वेल्टी प्रुइट याने १९२० च्या दशकात हलक्या फळ्यांची होडी बांधली. पुढे पाण्याला दाद न देणाऱ्या गोंदाचे प्लायवूड १९३० च्या दशकात बाजारात आले आणि टॉम कारहूस व वुडी हिंडमन या कारागिरांनी तिला आजचे रूप दिले. १९६० च्या दशकात मार्टिन लिटन यांनी याच कुळातल्या होड्या कोलोराडो नदीवर ग्रँड कॅन्यनमध्ये नेल्या. एवढ्या थोर कुळातली कन्या आपल्या गॅरेजमध्ये आली, याचा मला अभिमान वाटला. सौ.ला तिची मोटार आता पावसात उभी राहणार, एवढेच दिसले.

याच सुमारास आमचे सासरे, नाना, मालवणहून सहा महिन्यांसाठी आले. नानांचे आयुष्य सरकारी बांधकामांवर देखरेख करण्यात गेले आणि उपअभियंता म्हणून ते निवृत्त झाले. तेव्हापासून देखरेख करायला काही नसणे हाच त्यांचा एकमेव आजार आहे. होडी पाहताच त्यांची प्रकृती सुधारली. मी त्यांना तिची चाल समजावून सांगितली. वल्हवणारा प्रवाह जातो त्या दिशेला तोंड करून बसतो आणि वल्ही मात्र प्रवाहाच्या उलट ओढतो, कारण पुढे न्यायला नदी समर्थ असते. वेग कमी ठेवून खडक नीट पाहणे आणि होडी तिरकी करून त्याच्या बगलेतून निसटणे, एवढेच माणसाच्या हाती असते. नानांनी ते शांतपणे ऐकून घेतले.

“तोंड पुढे करून बसायचे आणि सगळा जोर मागे लावायचा,” ते म्हणाले, “यात शिकण्यासारखे काय आहे, जावईबापू? आम्ही नोकरीभर दुसरे काय केले?”

रंग मारण्यापूर्वी लाकूड तपासावे, असा या कामातला पहिला नियम आहे आणि तो ज्याने घातला त्याला संसार नसावा. तळ आणि बाजू जिथे मिळतात, तिथे आतून कोपऱ्याने एक लाकडी पट्टी होडीभर धावते. तिला चाइन म्हणतात. होडीत पडलेले पाणी, चिखल आणि पाने शेवटी तिथेच साचतात. मी टोच्या घेतला आणि चाइनवर अगदी हलके टेकवला. तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा त्याच्या टोकाला चहात बुडवून विसरलेल्या खारीसारखा तपकिरी लगदा होता. शेजारच्या फासळीवर, म्हणजे तळाला आणि बाजूंना आतून धरून ठेवणाऱ्या आडव्या-उभ्या लाकडावर, बोटाने टकटक केली तर खणखणीत आवाजाऐवजी पुठ्ठ्याचा आवाज आला. वरून रंग मात्र शाबूत होता. किंबहुना त्या ठिकाणी होडी म्हणून जे काही उरले होते, तो रंगच होता.

नानांनी चष्मा वर केला. संतापले की ते मालवणीत येतात. “ही होडी नाय,” ते म्हणाले, “हौद आसा हौद.”

त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या खाली राहिला तर कूज आणणारी बुरशी वाढत नाही. खाऱ्या पाण्याचेही तिला वावडे आहे. पण साचलेले गोडे पाणी मिळाले की तिचे फावते. कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात. इथला पाऊस कोकणच्या निम्माही नसेल, पण तो ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत रिमझिमत राहतो आणि इथले लोक होडी गाड्यावर उताणी ठेवून घरात टीव्ही पाहतात. खडकांवर आपटण्यासाठी बांधलेल्या या होडीला खडकांनी काहीही केलेले नव्हते. तळावर ओरखडे होते, पण ते मानाचे होते. तिला खरी इजा झाली होती ती अंगणात, तिच्यावर जिवापाड प्रेम करणाऱ्यांच्या देखत.

त्यांनी नुसते पाहिले असते तर एक वेळ चालले असते. त्यांनी दुरुस्तीही केली होती. हे मला रंग खरवडताना कळत गेले. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ साली बंदी आली आणि आमच्या होडीवरचे खालचे थर त्याआधीचे असण्याचा दाट संभव होता, त्यामुळे रंग ओला करून, तोंडावर मुखवटा बांधून, खाली प्लॅस्टिक अंथरून खरवडावा लागला. वर पांढरा, त्याखाली हिरवा, त्याखाली वेगळा हिरवा आणि त्याखाली एखाद्या स्वयंपाकघरातून उरलेला असावा असा पिवळा. पिवळ्याखाली मोटारींचे पोचे भरण्याची लांबी, म्हणजे पुट्टी, निघाली. कोणीतरी कुजलेल्या लाकडात ती ठासून भरली होती आणि तासून इतकी गुळगुळीत केली होती की त्या हाताचे कौतुक करावे आणि मग तो हात धरून त्याच्या मालकाला जाब विचारावा. आणखी एका सज्जनाने सगळ्या फटींतून सिलिकॉन भरले होते. सिलिकॉन पाणी अडवते की नाही यावर वाद होऊ शकेल, परंतु त्यानंतर त्या जागी दुसरे काहीही चिकटू द्यायचे नाही, हे व्रत ते निष्ठेने पाळते. सर्वांत मोठे प्रेम तळाला मिळाले होते. तळावर बाहेरून काचतंतूंचे कापड स्वस्त पॉलिएस्टर राळेने चिकटवले होते. ही राळ लाकडाला मनापासून धरत नाही. कालांतराने ती सुटते, मधल्या पोकळीत पाणी शिरते आणि बाहेर पडायला वाट न मिळाल्याने तिथेच बिऱ्हाड करते. एक कोपरा उचलून ओढला तसे ते अख्खे कापड अंगावर आले. ते काढायला श्रम पडले नाहीत, ही त्या दुरुस्तीची एकमेव चांगली बाजू.

मूळ कारागिराने ब्राँझचे स्क्रू वापरले होते. ते आजही नव्यासारखे फिरून बाहेर आले. नंतरच्या प्रेमळ लोकांनी लोखंडी स्क्रू मारले होते आणि ते गंजून लाकडाशी एकजीव झाले होते. पेचकस लावला की माथ्यावरची खाच भुगा होऊन उडे. अशा वेळी स्क्रूच्या माथ्यावर तापलेली डाखणी टेकवून धरतात, त्यामुळे गंजाची पकड सुटते. नाहीतर पोकळ नळीच्या गिरमिटाने स्क्रूभोवतीचे लाकूडच गोल कापून काढतात आणि त्या भोकात नवे लाकडी बूच बसवतात. स्क्रू निघतात, पण एकेकाशी बोलणी करावी लागतात.

नानांनी एव्हाना कामाची रीतसर मेजरमेंट बुक उघडली होती. तीत होडीच्या पुढच्या टोकाला शून्य धरून प्रत्येक फुटाला नोंद होती: डावी बाजू, उजवी बाजू, दोषाचे स्वरूप, लांबी, रुंदी, शेरा. मी एखादा तुकडा कापून फेकला की ते आधी त्याचे माप घेत आणि मगच तो कचऱ्याच्या डब्यात जाऊ देत. हिशेब मांडून त्यांनी सांगितले की टाकाऊ मालाचे आकारमान आता होडीच्या आकारमानाच्या जवळ आलेले असून खाली शिल्लक असलेल्या वस्तूला होडी म्हणण्यास सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागेल.

नव्या फासळ्यांसाठी मी पोर्ट ऑर्फर्ड सीडरचे लाकूड मिळवले. हे झाड नैऋत्य ऑरेगन आणि त्याला लागून असलेल्या कॅलिफोर्नियाच्या भागाबाहेर रानात कुठेच वाढत नाही. मुळांना लागणाऱ्या एका रोगाने त्यातलीही बरीच गेली, म्हणून ते महाग आहे. पण ते कुजायला फार वेळ घेते आणि कापताना त्याला स्वच्छ आल्याचा वास येतो. गॅरेजमध्ये करवत चालू झाली की घरात सासूबाईंना चहाची आठवण होई. त्या कामात सगळ्यांना आवडलेला एवढाच एक टप्पा होता.

बाजूंच्या प्लायवूडला सांधा लागतोच, कारण प्लायवूडचा सर्वसाधारण तक्ता आठ फूट लांब असतो आणि होडी सोळा फूट. दोन तुकडे नुसते टोकाला टोक लावून चालत नाहीत. दोघांच्याही कडा उताराने तासून एकमेकांवर निजवायच्या असतात आणि जाडीच्या आठपट उतार द्यावा, असा प्रघात आहे. पाव इंच जाडीच्या तक्त्याला दोन इंच उतार. रंधा चालवताना प्लायवूडचे थर उतारावर पट्ट्यापट्ट्यांनी उघडे पडतात, आणि त्या पट्ट्यांच्या रेघा सरळ व समांतर दिसल्या तर उतार साधला असे समजावे. नानांनी आपल्याबरोबर आणलेली पाणसळ काढली. पाणसळीचा इथे उपयोग नव्हता, पण ते ती सोडून कुठेच जात नाहीत.

लाकूड कशाने राखावे याविषयी इथल्या जाणत्यांत दोन तट आहेत. एक तट म्हणतो, जवसाचे तेल आणि टर्पेंटाइन पाजत राहा, लाकडाला श्वास घेऊ द्या. दुसरा म्हणतो, श्वास कसला घेताय, त्याच श्वासातून पाणी शिरते, सगळीकडून इपॉक्सी नावाच्या राळेने बंद करा. दोन्ही तटांचे लोक माझ्या गॅरेजच्या दारात येऊन उभे राहत, मान हलवत आणि दुसऱ्या तटाने बिघडवलेल्या होड्यांच्या करुण कथा सांगत. महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीला यात तिसरा तट निघाला. त्याचे म्हणणे होते की ॲल्युमिनियमची घ्यावी. या तटाशी मी वाद घातला नाही, तिळगूळ घेऊन पुढे गेलो.

मी फासळ्यांना तेल आणि सांध्यांना व तळाला इपॉक्सी अशी तडजोड केली आणि दोन्हीकडची सहानुभूती गमावली. इपॉक्सीचे दोन द्राव ठरलेल्या प्रमाणात एकत्र केले की ते आपोआप तापू लागतात. पसरट भांड्यात थोडेसे कालवले तर उष्णता निघून जाते आणि काम करायला पुरेसा वेळ मिळतो; खोल भांड्यात पुष्कळ कालवले तर उष्णता आतच कोंडते, ती प्रक्रियेला आणखी चेतवते आणि काही मिनिटांत सगळे घट्ट होते. मी वाटी वाटीने कालवत होतो. स्लॅबचे काँक्रीट एका दमात ओतण्यात हयात गेलेल्या नानांना हा चिंगूसपणा बघवेना. मी आत फोन घ्यायला गेलो तेवढ्यात त्यांनी उरलेले सगळे एका डब्यात एकत्र केले आणि दांड्याने ढवळले. मी परत आलो तेव्हा डब्यातून धूर निघत होता, नाना तो चिमट्याने धरून अंगणाच्या मध्यभागी उभे होते आणि आतला ब्रश कोणाच्याही आधाराशिवाय ताठ उभा होता. “सेटिंग टाइम कमी आहे,” त्यांनी अधिकृत निदान केले आणि तशी नोंदही घेतली.

थंडी वाढली तसा उलटा त्रास सुरू झाला. पारा दहा अंशांच्या खाली गेला की तेच इपॉक्सी हालचाल करायला तयार होत नाही आणि हवेत दमटपणा असला तर वर एक तेलकट साय धरते. ती पाण्याने धुऊन काढल्याशिवाय पुढचा थर बसत नाही. गॅरेजमध्ये हीटर लावला. विजेचे बिल आले. सौ.ने ते होडीत, बरोबर वल्हवणाऱ्याच्या बाकावर, नेऊन ठेवले आणि एक शब्दही बोलली नाही.

तळाच्या शेवटच्या थरात ग्रॅफाइटची भुकटी मिसळली, म्हणजे तळ खडकावरून घसरतो. रंगही मारला. त्याला एक दुपार पुरली. होडी तयार झाली तेव्हा लक्षात आले की गाड्याच्या चाकांची बेअरिंगे गंजून बसली आहेत आणि मागचे दिवे लागत नाहीत. पण त्याविषयी लिहायचे तर गाड्याचा वेगळा लेख होईल.

नाना परत जाण्याच्या आधी, वसंतात, आम्ही तिला पाण्यात सोडले. नाना जीवरक्षक जाकीट घालून पुढच्या बाकावर बसले. मी प्रवाहाच्या उलट वल्ही ओढत होतो, होडी हलकी चालत होती, एक थेंबही आत येत नव्हता आणि नाना दोन्ही काठांवरच्या संभाव्य बंधाऱ्यांच्या जागा मला दाखवत होते. एका वळणावर त्यांनी डावीकडे घ्या म्हणून हात केला, मी उजवीकडे घेत होतो, आणि पाण्याखालचा एक खडक तळाला घासून सावकाश मागे गेला. ग्रॅफाइटने आपले काम केले. होडी घसरून पुढे निघाली. काठाला लागल्यावर आम्ही तिला कलती करून पाहिली. काळ्याभोर तळावर हातभर लांब पांढरा ओरखडा होता. नानांनी खिशातून मेजरमेंट बुक काढली, टेप लावला, पुढच्या टोकापासूनचे अंतर मोजले आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले: काम पुढील आर्थिक वर्षात घ्यावे.