एक बाल थाळी

हे सगळं दोनशे चाळीस रुपयांबद्दल आहे, आधीच सांगून ठेवते. नवरा म्हणतो सोडून दे आता. पण तो काहीही सोडून देतो, छत्र्या, गाडीच्या किल्ल्या, एकदा तर भाजीच्या पिशव्यांसकट मलाच मंडईत सोडून आला होता, त्यामुळे त्याचं या विषयातलं मत मी धरत नाही.

काल रविवारी बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, पंचाहत्तर पूर्ण झाली. पंचाहत्तरीला ऐंद्री शांत करतात म्हणे, नणंदेने गुरुजींना फोनसुद्धा केला होता, पण बाबा म्हणाले मला शांत नको, शांतता द्या. मग सकाळी घरी औक्षण आणि दुपारी पेठेतल्या थाळीवाल्याकडे जेवण असं साधंसुधं ठरलं. औक्षणात मनूने निरांजन फुंकून विझवलं आणि टाळ्या वाजवत हॅपी बड्डे म्हणाली. तिचं काय चुकलं, गेल्या महिनाभरात तीन वाढदिवसांना जाऊन आलीये, ज्योत दिसली की फुंकायची आणि मग केक येतो एवढं तिला पक्कं कळलंय. आईंनी परत लावलं. तिने परत फुंकलं. तिसऱ्यांदा मी तिला बाथरूममध्ये कोंडून घेऊन बसले आणि बाबांचं औक्षण नळाच्या आवाजावर झालं.

तर मनू. सव्वादोन वर्षं. मनू जेवत नाही. म्हणजे पापड खाते, लिंबाची फोड चोखते आणि तोंड वाकडं करून परत चोखते, टेबलाखाली पडलेलं काहीही खाते, पण ताटात वाढलेलं जेवण हा तिला व्यक्तिगत अपमान वाटतो. त्यामुळे बाहेर जेवायला जाताना मी घरून मऊ वरणभाताचा डबा नेते, तूपमीठलिंबू कालवून, आणि चिऊचा घास काऊचा घास करत अर्ध्या तासात चार चमचे जातात, त्यातला एक माझ्या ड्रेसवर. स्वतः गरम जेवण मी शेवटचं कधी जेवले ते आठवायचं तर डोहाळजेवणापर्यंत मागे जावं लागेल.

हॉटेलात पन्नास मिनिटं थांबून टेबल मिळालं. नाव लिहून घेणाऱ्या पोराला मी सांगितलं होतं सहाजण आणि एक लहान, त्याने वहीत ७ लिहिलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं. हाय चेअर आहे का विचारलं तर त्याने प्लास्टिकच्या खुर्चीत अजून एक प्लास्टिकची खुर्ची घातली आणि म्हणाला, घ्या, हाय चेअर. मनू वर बसली, लगेच उभी राहिली, आणि वाढप्याने कुणी काही म्हणायच्या आत तिच्यासमोर एक छोटं ताट ठेवलं. मला वाटलं काय गोड माणूस आहे.

आता इथली एक पद्धत सांगायला हवी. आपल्याला कुठलं टेबल मिळणार हे एकदा कळलं की मागची पार्टी बाहेर थांबत नाही, आत येऊन आपल्या खुर्चीमागे उभी राहते. आपण मसालेभात कालवत असतो आणि डोक्यावर कुणाचा तरी श्वास. माझ्या वाट्याला एक काका आले. पांढरा हाफ शर्ट, खिशात दोन पेनं, गळ्यात चष्म्याची दोरी, हातात घडी केलेली कापडी पिशवी. आल्या आल्या म्हणाले, चालू द्या सावकाश, आम्हाला काही घाई नाही. आणि त्यानंतर दर दोन मिनिटांनी, कुणाकडेही न बघता, जिलबीच्या ताटलीला उद्देशून, "झालं का?"

आमची अजून पहिली पुरी सुद्धा झाली नव्हती.

मग त्यांचं लक्ष मनूकडे गेलं.

"कितवीत आहे?"

"काका, सव्वादोन वर्षांची आहे ती."

"असं होय. मोठी वाटते."

"उंच आहे. आजोबांवर गेलीये."

"हं," काका म्हणाले, "सगळ्या आया हेच सांगतात."

मी मान वळवून बघितलं. काकांनी चष्मा लावला. पस्तीस वर्षं रेल्वेत टीसी होतो म्हणाले, सोलापूर डिव्हिजन, सिद्धेश्वरला रात्रीच्या ड्युट्या केल्यात, आणि मग सुरूच झाले. मिसरूड फुटलेली पोरं चादरीखाली मुटकुळं करून ठेवायच्या आणि सांगायच्या साडेचार वर्षांचा आहे हो साहेब. चादर ओढली की खालून पोरगं जाड्या आवाजात म्हणायचं, आई, कोण आहे गं. काकांनी हे इतकं छान करून दाखवलं की नणंदेचा नवरा जेवायचा थांबून हसायला लागला. त्याला मी नंतर बघून घेणार आहे.

"पाचाच्या आत फुकट," काका बोटं मोडत सांगत होते, "पाच ते बारा अर्धं. पण कधी? बर्थ न घेता. २०१६ च्या एप्रिलपासून पोराला स्वतंत्र बर्थ मागितला की पूर्ण भाडं, मग पोरगं कितीही बारीक असो. तत्त्व काय? जागा अडवली की पैसे. इथे तर," त्यांनी वाकून बघितलं, "दोन खुर्च्या आहेत."

"काका, ती सव्वादोन वर्षांची आहे हो."

"मी कुठे नाही म्हणतोय? बघूया की. बाळा, हा हात असा डोक्यावरून घे आणि पलीकडचा कान पकड."

जुन्या काळी शाळेत नाव घालताना ही परीक्षा असायची, जन्मदाखले कुणाकडे नसायचे, मग डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला की पोर सहा वर्षांचं झालं समजायचे. माझी आजी सांगायची, तिचा हात एक वर्ष आधीच पोचला म्हणून ती वर्षभर आधी शाळेत गेली आणि पुढे सगळीकडे वर्षभराने मोठी राहिली, नोकरीतून निवृत्त पण वर्षभर आधी झाली. एका कानामुळे वर्षाचा पगार बुडाला. पण ते असो.

मनूला कुणी काही करायला सांगितलं की ती करत नाही, हा तिचा नियम आहे. काकांचं मात्र तिने ऐकलं. श्रीखंडाच्या वाटीत बुडवलेला उजवा हात तिने डोक्यावरून नेला, हात अर्ध्यात संपला, मग तिने जमेल तितकं श्रीखंड केसांना पुसलं आणि शेजारी उभ्या काकांचा हात धरून त्यांच्याच शर्टाला राहिलेलं पुसलं. टेबलावर शांतता. काका शर्टाकडे बघत म्हणाले, "नाही पोचला. म्हणजे पाचाच्या आतच आहे." हे त्यांनी निकालपत्र वाचल्यासारखं सांगितलं. मी नकळत थँक्यू म्हणाले. थँक्यू! माझ्या पोरीचं वय मला मंजूर झालं म्हणून.

मग बिल आलं. सहा थाळी, आणि खाली, एक बाल थाळी, दोनशे चाळीस.

मी काउंटरवर गेले. नवरा मागून "जाऊ दे ना गं" म्हणत होता, हे त्याचं आमच्या लग्नातलं सगळ्यात जास्त वापरलेलं वाक्य आहे. मालकांच्या डोक्यावर सूचनांचा फलक, एका थाळीत दोघांनी जेवू नये, पार्सल मिळणार नाही, बाहेरचे पदार्थ आणू नयेत, बेसिनमध्ये खाकरू नये, मुलांच्या वयाबद्दल एक अक्षर नाही.

"ती जेवली नाही," मी म्हणाले.

"ताट मांडलं होतं?" मालकांनी वर न बघता विचारलं.

"आम्ही मागितलं नव्हतं."

"नको म्हणालात?"

याला काय उत्तर आहे? मी आयुष्यात न मागितलेल्या किती गोष्टींना नको म्हणाले नाहीये, त्या सगळ्यांचं बिल यायला लागलं तर घर विकावं लागेल. तरी मी म्हणाले की तिने खाल्लाय फक्त पापड, तिचं जेवण मी घरून आणलं होतं. आणि हे बोलल्यावर कळलं की मी काय बोललेय, कारण मालकांनी पहिल्यांदाच वर बघितलं आणि पेन त्या फलकावरच्या तिसऱ्या ओळीवर टेकवलं.

तेवढ्यात मागून आवाज आला. "जिलब्या दोन खाल्ल्या."

काका. स्वतःचं टेबल सोडून साक्ष द्यायला आले होते.

"पापड दीड. श्रीखंड अर्धी वाटी, त्यातलं थोडं," त्यांनी प्रामाणिकपणे शर्टाकडे बोट दाखवलं, "इथे आहे. मठ्ठा सांडला तो वेगळा."

"जिलबी दीड," मी म्हणाले, "अर्धी माझ्या ओढणीत आहे." आणि ओढणी उलगडून दाखवली. खरंच. एम.कॉम. झालेली, दहा वर्षं ऑफिसात दुसऱ्यांची बिलं तपासणारी बाई, रविवारी दुपारी दीड वाजता भर काउंटरवर ओढणीतली अर्धी जिलबी पुरावा म्हणून दाखवत होती. मागे रांगेत उभी एक मुलगी मोबाईल वर करत होती, बहुतेक सेल्फीच असेल, मी तसंच समजायचं ठरवलंय.

मालकांनी जिलबी बघितली. "उचलली म्हणजे खाल्ली," ते म्हणाले.

तोवर बाबा हात पुसत आले होते. पंचाहत्तर झाली की एसटी फुकट, २०२२ च्या ऑगस्टपासून सरकारने योजनाच काढलीये, बाबा महिनाभरापासून आधार कार्ड खिशात घेऊन फिरतायत. ते मालकांना शांतपणे म्हणाले, "आज आम्ही जेवायच्या ऐवजी एसटीने कोल्हापूरला गेलो असतो ना, तर मी पण फुकट आणि ही पण फुकट." मालकांना काही वाटलं नाही. काकांना मात्र अतिशय पटलं, ते म्हणाले एसटीचं धोरण पहिल्यापासून रेल्वेपेक्षा सैल आहे.

पैसे भरले. बाबांच्या वाढदिवसाला अजून किती तमाशा करणार.

आता दोनशे चाळीस रुपयांनी कुणी भिकेला लागत नाही, मला माहितीये. पण त्या हॉटेलात डायपर बदलायला हातभर जागा नाही, मनूचं सगळं मी गाडीच्या मागच्या सीटवर आईंच्या मांडीवर उरकलं. बेसिन अशा उंचीवर की पोरीला काखेत आडवी धरून हात धुवावे लागतात. हाय चेअर नाही, पाणी सांडलं तर पुसायला कपडा मागितला तर पोरगा असा बघतो की जणू मी नदीच आणलीये आत. दीड तास आजूबाजूची टेबलं ‘एवढ्या लहान पोराला आणतातच कशाला’ या चेहऱ्याने बघत होती. म्हणजे बसायच्या वेळी, धुवायच्या वेळी, पुसायच्या वेळी ती कुणाच्याच हिशोबात नाही. बिलाच्या वेळी मात्र बरोबर एक अख्खी व्यक्ती. आणि गप्प पैसे भरले की आपण समजूतदार, बोललं की ती बघा, दोनशे रुपयांसाठी भांडणारी बाई.

बाहेर पडताना मी आत बघितलं. काका आमच्या टेबलावर, त्याच एकात एक घातलेल्या दोन खुर्च्यांवर बसले होते, वरची काढायचं कुणालाच सुचलं नव्हतं. गुडघे टेबलाला लागत होते, ताट पार खाली. मला वाटलं जाऊन सांगावं, काका, दोन खुर्च्या आहेत. नवऱ्याने हात धरून ओढलं.

घरी आल्यावर आईंनी मनूची दृष्ट काढली, पोराचे घास कुणी मोजू नयेत म्हणाल्या, आणि तेही पाठीमागे उभं राहून. मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळून गॅसवर टाकल्या. त्याचा इतका ठसका गेला की शेजारच्यांनी दार वाजवलं, म्हणजे दृष्ट वगैरे काही लागली नव्हती, ठसका येतोय तर काही नाही म्हणे, उगीच सगळे तासभर खोकत बसलो.

रात्री बाबा एकटेच जेवायला बसले, नुसता दहीभात, दुपारचं अंगावर आलं होतं. मनू कुठे दिसेना म्हणून बघायला गेले तर बाबांच्या खुर्चीमागे उभी, हातात माझी कापडी पिशवी, डोळे त्यांच्या ताटावर.

"जालं का?" तिने विचारलं.

बाबांनी घाईघाईने एक घास घेतला. ती थांबली. परत म्हणाली, "जालं का?"

बाबांनी अर्धा भात तसाच ठेवला आणि उठले.